सोमवार ते शनिवारचा ख्रिस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका खेड्यातल्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या समुदायात) वाढले. ३१ वर्षं नर्सची नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून पुण्यात संडे स्कूल आणि महिलांचा बायबल वर्ग घेते. खालचे प्रश्न तिथलेच. भर वर्गात ते फारसं कुणी विचारत नाही. उपासना संपली की बाहेर चपला शोधता शोधता विचारतात, आवाज खाली आणून. मी पाळक (म्हणजे चर्चची धर्मगुरू) नाही, धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. बायबलच्या वचनांचे संदर्भ (पुस्तक, अध्याय:वचन) दिलेत, ते स्वतः उघडून पाहा आणि पटलं नाही तर माझ्याशी भांडा.

तुम्ही मराठी ख्रिस्ती म्हणजे नक्की कोण? घरी इंग्रजी बोलता का?

घरी आम्ही नगरी मराठी बोलतो, तीही चांगली खणखणीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती नोंदले गेले, म्हणजे शंभरात एक पुरता भरत नाही. त्यातही सगळे मराठी बोलणारे नव्हेत. पण वसईचे सामवेदी, मुंबईचे ईस्ट इंडियन, नगर-मराठवाड्यातले आम्ही, अशी ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथलीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-कीर्तनाच्या वाटेनं ख्रिस्त मराठीत आणला. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. हे सगळं सांगूनही पुढचा प्रश्न येतोच, ‘मग तुमचं नाव असं कसं? आडनाव तर आमच्यासारखंच!’ अहो, आडनाव गावाचं असतं.

शब्द मात्र आमच्यातच वेगळे आहेत. कॅथलिक मिस्सा आणि स्नानसंस्कार म्हणतात, आम्ही प्रोटेस्टंट उपासना आणि बाप्तिस्मा म्हणतो. इथे मी माझ्या सवयीचे शब्द वापरलेत.

रोज किती वेळ प्रार्थना करावी?

प्रभू येशूनं शिकवलेली प्रार्थना (मत्तय ६:९-१३) सावकाश म्हटली तरी अर्धा मिनिट लागतो, आणि तिच्या अगदी आधी त्यानं फार बडबड करू नका असं बजावलंय. बाकी हिशोब ज्याचा त्यानं करावा. माझी सासू पहाटे पाचला गुडघ्यावर असायची. मला ते कधी जमलं नाही. नाइट ड्युटीला मी वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना प्रत्येक खाटेपाशी मनात एकच वाक्य म्हणायचे. कुणाला दिसायचं नाही. कधी कधी पेशंटचं नावही आठवायचं नाही, खाटेचा नंबर घ्यायचे.

शेजाऱ्यांनी पूजेचा प्रसाद दिला तर घ्यावा का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि गंमत म्हणजे बायबलमध्येही हा प्रश्न जवळपास याच रूपात आहे. करिंथ शहरात देवळात अर्पण केलेलं मांस बाजारात विकायला यायचं. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी प्रेषित पौलाला विचारलं, हे खावं का? पहिल्या करिंथकरांस पत्राचे ८ ते १० हे तीन अध्याय तो यावर बोलतो आणि थेट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत नाही. मूर्ती काही नाही, अन्न देवाचं आहे, बाजारात मिळेल ते चौकशा न करता खा, असं एकीकडे म्हणतो. देवळातल्या मेजवानीत भाग घेऊ नका, असं दुसरीकडे म्हणतो. मग तिसरी गोष्ट काढतो. तुझ्या खाण्यामुळे दुसऱ्या कुणाचं मन डळमळणार असेल, तर त्याच्यासाठी तू खाऊ नकोस. म्हणजे पंगतीत माझ्या शेजारी कोण बसलंय हे आधी पाहायचं.

आमच्या मंडळीतले बरेच जण प्रसाद अजिबात घेत नाहीत. त्यांच्या सद्सद्विवेकाला ते पटत नाही. रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय सांगतो की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून वाद घालणाऱ्यांनी तो अध्याय आधी वाचावा.

माझं सांगते. आमच्या समोरच्या काकूंकडे दर श्रावणात सत्यनारायण असतो. आम्ही राहायला आलो त्या पहिल्या वर्षी त्यांनी वाटीभर शिरा आणून दिला. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि दारातच सांगितलं, ‘काकू, आरतीला मी उभी राहत नाही, पण तुम्ही मायेनं आणलंय, परत कसं करू?’ काकू काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी पूजेच्या सकाळी नऊलाच डबा घेऊन हजर. ‘हा नैवेद्याआधी बाजूला काढलाय हं, तुमच्यासाठी.’ केळं घातलेला, तुपात निथळणारा शिरा. तेव्हापासून आजतागायत तो डबा नऊलाच येतो. नाताळात आमच्याकडून करंज्या, चकल्या, शंकरपाळे जातात आणि त्यांच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारी केकमध्ये अंडं नसतं, ते मी बघते.

एकदा मात्र मी तो शिराही बाजूला ठेवला. नुकताच बाप्तिस्मा घेतलेली एक मुलगी घरी आली होती आणि त्यावरूनच तिचं माहेर तुटलं होतं. तिच्यासमोर ‘अगं काय होतंय’ म्हणत खाणं हा माझा मोकळेपणा ठरला नसता. माज ठरला असता.

टिकली, मंगळसूत्र, नऊवारी चालतं का?

चालतं. काही मंडळ्यांत मंगळसूत्राला क्रूसाचं पदक असतं, काहींत नुसते काळे मणी, काहींत फक्त अंगठी. टिकलीवरून आमच्याकडे घराघरांत दोन मतं आहेत आणि दोन्हीकडच्या बायका स्वर्गात भेटतील असं मला वाटतं. बाप्तिस्मा घेतला म्हणून लुगडं सोडून फ्रॉक घालायचा नसतो. हे टिळकांच्या पिढीनं भांडून मिळवलंय.

दशांश हातात येणाऱ्या पगारावर द्यायचा की कापण्याआधीच्या?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा बँकेत असतो.

दशांश म्हणजे दहावा हिस्सा. मलाखी ३:१० हे वचन अर्पणाच्या वेळी हमखास वाचलं जातं. पण मत्तय २३:२३ फारसं कुणी वाचत नाही. तिथे प्रभू म्हणतो की तुम्ही पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशांश काढता, आणि न्याय, दया व विश्वास या मोठ्या गोष्टी सोडून देता. डोळ्यासमोर आणा: जिऱ्याचे दाणे मोजून दहावा बाजूला करणारा माणूस, आणि त्याच घरात कामाला येणाऱ्या बाईचा दोन महिन्यांचा पगार थकलेला. मला कुणी आकडा विचारला तर मी आधी हेच विचारते, मोलकरणीचे पैसे दिले का?

विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट (मार्क १२:४१-४४) तर प्रत्येक अर्पणाच्या संदेशात येते. तिच्या अगदी वरचं, ४० वं वचन पाहा. विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांबद्दल प्रभू तिथे बोलतोय. दोन्ही एका दमात वाचली की ती गोष्ट नुसती बाईच्या दानतीची राहत नाही. तिच्याकडे दोनच दमड्या का उरल्या, असा प्रश्न पडतो. म्हणून मंडळीच्या वार्षिक सभेत हिशोब मागणं हा अविश्वास नव्हे. आणि ‘इतकं बी पेरा, इतक्या पटीनं मिळेल’ असं कुणी स्टेजवरून सांगत असेल, तर पर्सची चेन लावून घरी या.

देण्याचा आनंद काय असतो ते मी लहानपणी हंगामाच्या सणाला पाहिलं. शेतात जे पिकलं ते लोक चर्चमध्ये आणायचे. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, गुळाची ढेप, आणि पाय बांधलेली कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडायची. उपासना झाली की बाहेर लिंबाखाली लिलाव. कोंबडी एकानं घ्यायची, पैसे मोजायचे आणि तीच परत लिलावाला ठेवायची. एक वर्षी एकच कोंबडी पाच वेळा विकली गेली. शेवटी ती ज्या म्हातारीनं आणली होती तिच्याच घरी गेली. कुणीतरी विकत घेऊन तिलाच देऊन टाकली. म्हातारी ‘आता गं बया’ म्हणत कोंबडी काखेत मारून निघाली.

कामाच्या ठिकाणी थोडंफार खोटं बोलावंच लागतं. काय करायचं?

‘साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांग’ इथपासून खोट्या बिलापर्यंत सगळं मला विचारलं जातं. लाचेबद्दल उत्तर सोपं आहे, करणं अवघड. म्हणून तिथे मी लांबण लावत नाही. जक्कय या जकातदारानं (लूक १९) चौपट परत केलं होतं, नुसती माफी मागितली नव्हती.

छोट्या खोट्याचं मात्र माझं स्वतःचं सांगते. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. रात्रीची ड्युटी, चाळीस खाटा, आम्ही दोघी. पहाटे चारला ब्लडप्रेशर घ्यायचं तर मी झोपलेल्या पेशंटच्या चार्टवर ओळीनं १२०/८० लिहीत सुटले. त्या काळी असं सगळेच करतात असं मला वाटायचं. सकाळी एका वयस्कर डॉक्टरांनी चार्ट पाहिले आणि म्हणाले, ‘सिस्टर, तुमच्या वॉर्डात सगळे फारच ठणठणीत आहेत, आज सगळ्यांना सुट्टी देऊ या का?’ कुणाचं काही बिघडलं नाही, पण ते माझं पुण्य नव्हे. त्या रविवारी प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला) पाळक म्हणाले, ‘प्रत्येकानं आपली परीक्षा करावी’ आणि माझ्या डोळ्यासमोर तो चार्टच आला. सोमवारी रात्री मी पट्टा घेऊन खाटेखाटेला गेले, झोपमोड झाल्याबद्दल शिव्या खाल्ल्या. तेवढंच. मी साक्ष वगैरे कुठे दिली नाही, इथे पहिल्यांदाच सांगतेय.

दिवसभर घरकामात जातो. मरीयेसारखं चरणाशी बसायला वेळच मिळत नाही. मी मार्थाच का?

मार्था आणि मरीया या बहिणी. प्रभू घरी आला तेव्हा मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था कामात गुंतली. त्या लूक १०:३८-४२ वरचे संदेश ऐकून बायका अशा हिरमुसतात याचा मला राग येतो. जेवण कुणीतरी करायला हवंच होतं ना! नीट वाचलं तर प्रभू मार्थाच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. ‘तू अनेक गोष्टींची काळजी करतेस, दगदग करतेस’ एवढंच म्हणतो. आणि योहान ११ मध्ये, भाऊ मेल्यावर, ‘तू ख्रिस्त आहेस’ ही मोठी कबुली देते ती हीच मार्था. ते वचन महिला दिनाच्या उपासनेत वाचा की कधीतरी.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती तशीच शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर करत होत्या, आणि शेकडो दुष्काळग्रस्त मुलींच्या जेवणाची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. तिथे मार्था कोण आणि मरीया कोण हे वेगळं काढून दाखवा.

तरीही तुम्हाला शांत पंधरा मिनिटं हवी असतील, तर ती मागा. ‘आज भांडी तू घास’ हे नवऱ्याला सांगायला हरकत नाही.

माझं कुणी वाईट केलं असेल तर क्षमा करायची म्हणजे सगळं सोडून द्यायचं का?

आमच्या बांधाची गोष्ट. चुलतभाऊ दर नांगरटीला एक-एक तास (नांगराची एक ओळ) आमच्या रानात सरकायचा. पाच-सहा वर्षांत बाभळीचं झाड, जे बांधावर होतं, ते त्याच्या रानाच्या आत गेलं. वडील आणि तो, दोघं एकाच चर्चला, पण एक दरवाज्याच्या या बाजूला बसायचा आणि एक त्या बाजूला. मत्तय ५:२३-२४ मध्ये म्हटलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. एका रविवारी हे वाचन झालं. वडील उठले, बाहेर गेले. आम्हाला वाटलं पोटात दुखतंय. ते त्या चुलतभावाच्या घरी, ओट्यावर जाऊन बसले होते. तो त्या दिवशी चर्चला आला नव्हता. दोघांनी चहा घेतला. काय बोलले ते कुणालाच माहीत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी वडील तालुक्याला जाऊन सरकारी मोजणीचे पैसे भरून आले.

मला आयुष्यात क्षमेवरचा याहून चांगला संदेश ऐकायला मिळाला नाही. मोजणीच्या दिवशी चुलतभाऊ साखळी धरायला आला. बांध परत पहिल्या जागी गेला. बाभळ पुढे वादळात पडली, तेव्हा सरपण दोघांनी वाटून घेतलं. मनातलं वैर सोडायचं, खुणेचा दगड सोडायचा नाही.

‘सातांच्या सत्तर वेळा’ क्षमा कर (मत्तय १८:२२), हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायात १५ ते १७ या वचनांत मात्र पायऱ्या दिल्यात: आधी एकट्याला सांग, मग दोघा-तिघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. म्हणजे चूक झाकायची नाहीच.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहिते. ‘पडले’ म्हणून वॉर्डात आलेल्या बायका मी खूप पाहिल्यात. पडल्यावर दोन्ही दंडांवर बोटांचे वळ उठत नाहीत. अशा बाईला ‘क्षमा कर आणि घरी जा’ असं कुणी, मग तो कॉलर घातलेला पाळक असो की सासरा, सांगत असेल, तर तो चुकतोय. क्षमा ती तिच्या वेळेनं करेल किंवा नाही करणार. आज तिनं सुरक्षित जागी राहावं, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.

आजारपणात डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी आहे का?

नाही. नाही. नाही. शुभवर्तमान (प्रभूचं चरित्र) लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४). पौल आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, ‘नुसती प्रार्थना कर’ म्हणत नाही. याकोब ५:१४ मध्ये मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, आणि आम्ही ती करतो. मीही कितीदा केली. पण त्यात औषध बंद करा असं कुठेही नाही.

एका आरोग्य सभेतून (प्रार्थनेनं बरं करण्याच्या सभेतून) आलेल्या बाईंनी चार दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. ‘कबूल करा की तुम्ही बऱ्या झालात’ असं त्यांना सांगण्यात आलं होतं. श्वासाला फळासारखा गोडसर वास, धाप, अर्धवट शुद्ध. त्या वाचल्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं, तर ‘सिस्टर, माझा विश्वास कमी पडला का हो?’ साखरेनं केला नसेल एवढा घात त्या एका वाक्यानं केला होता. देव बरं करू शकतो असं मी मानते. तो शुगर तपासल्याचा राग धरतो असं मानत नाही.

प्रार्थना करूनही माणूस गेला. मग?

इथे मी कमी बोलते. माझी आई अडीच महिने अंथरुणाला होती आणि आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली होती.

एवढं सांगेन की ‘कुणाचं पाप?’ हा प्रश्न प्रभूनं स्वतः उडवून लावलाय. जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात तेव्हा तो म्हणतो, यानंही नाही, याच्या आईबापांनीही नाही (योहान ९:३). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं विचारून ‘नाही’ म्हणतो (लूक १३:४-५). म्हणून भेटायला जाल तेव्हा कारणं सांगू नका. ‘देवाची इच्छा’ सुद्धा पहिल्या आठवड्यात नको. स्तोत्र १३ ‘किती वेळ, परमेश्वरा?’ असं सुरू होतं, ते वाचा. किंवा वाचूही नका, डबा घेऊन जा. सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस न बोलता त्याच्याजवळ बसून काढले, तोवर सगळं ठीक होतं. मग ते बोलायला लागले.

लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात) काय सोडायचं?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४६ दिवस होतात. रविवार वगळले की चाळीस. मटण सोडून रोज सुरमई आणायची, असं आमच्याकडे एका वर्षी झालं आणि खर्च वाढला. यशया ५८ वाचा, देवाला कसला उपास आवडतो ते तिथे आहे: भुकेल्याला भाकरी वाटणं, उघड्याला वस्त्र देणं. मी गेली तीन वर्षं एका नातेवाइकाबद्दल वाईट बोलणं सोडते. अजून एकदाही चाळीस दिवस पुरे झालेले नाहीत.

आम्ही ख्रिस्ती नाही. उपासनेला येऊन बसलो तर चालेल का?

खुशाल या. मागे बसा, पुढेही चालेल. खेड्यात चपला बाहेर काढतात, शहरात बहुधा नाही, इतरांचं बघा. प्रभुभोजनाच्या वेळी जागेवर बसून राहिलात तरी कुणी विचारणार नाही. पेटीच्या आणि ढोलकीच्या साथीवर अभंगाच्या चालीचं गाणं लागलं, तर तुम्हाला ते ओळखीचं वाटेल.

शंका येणं पाप आहे का?

मार्क ९:२४ मधला बाप म्हणतो, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच वाक्यात दोन्ही. आणि त्याचा मुलगा बरा झाला.

बायबल वाचायला कुठून सुरुवात करू? उत्पत्तीपासून केली होती, लेवीयमध्ये अडकले.

सगळेच तिथे अडकतात. मार्कपासून करा. सोळाच अध्याय आहेत, भरभर चालणारं शुभवर्तमान आहे, रविवारच्या एका दुपारी सबंध वाचून होतं. शेवटच्या अध्यायाच्या ८ व्या वचनाशी जरा थांबा. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथेच संपतो: बाया कबरेपासून पळून जातात आणि भीतीनं कुणाला काही सांगत नाहीत. मग लूक घ्या, मग स्तोत्रं, रोज एक. भाषा जड वाटली तर फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ बघा. आणि मोठ्या टायपाची प्रत घ्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या बायकांनी वाचन सोडलं होतं ते चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे, आणि त्या दोन वर्षं स्वतःला थंड पडलेली ख्रिस्ती समजत होत्या.